उघाडी

रबाळ्याच्या शेडमध्ये, दुसऱ्या मजल्यावर
मी एक कातडी बनवते.
पाण्यात एक रसायन, तेलासारख्या द्रवात दुसरं.
दोन्ही टेकतात तिथेच ती धरते,
सायीहून कितीतरी पातळ.
साय निदान बोटाला कळते.

मग तिला स्टीलच्या डबीत कसते,
मागून पंपाचा जोर, पंचावन्न बार,
आणि स्टूल ओढून बसते.
आधी काहीच नाही. मग नळीच्या टोकाशी
एक थेंब,
जड होईपर्यंत लोंबकळणारा.

लोक विचारतात, भोकं केवढी असतात गं?
भोकं नसतातच म्हटलं तर पटत नाही.
लांबच लांब साखळ्या असतात, स्वस्थ न बसणाऱ्या.
एखादी जराशी कूस बदलते, तेवढ्यात
पाण्याचा एक रेणू पुढे सरकतो
आणि थांबतो, पुढचीने कूस बदलेपर्यंत.
मीठ येतं ते भोवती पाण्याचा गोतावळा घेऊन.
गोतावळा सोडवत नाही, दारातच अडतं.
तरी शंभरात अर्धं-पाऊण निसटतंच.
ते मी वहीत लिहिते.

परवा शनिवारी बाबा आले, मी विसरलेला डबा घेऊन.
हरेश्वर गजानन म्हात्रे.
शहाबाजच्या खाली, मिठागरात
तीस वर्षं उघाडी यांच्या हातात होती:
भरतीला किती फळ्या उचलायच्या, कधी टाकायच्या,
पंचांगाच्या आधी गुडघ्यांना कळायचं.
आता तिथे गाड्या लागतात.

लॅबमध्ये असं करत नाहीत, हे मी म्हणेपर्यंत
थेंब तळहातावर, तळहात जिभेला.
"गो, ह्या पानी कुठलां ता कलत नाय."

मग दुसऱ्या नळीकडे वळले,
अडलेलं सगळं जिथून परत फिरतं.
तिथे बोट लावलं. बराच वेळ
गालात घोळवलं,
जसे घरी डाळीत मीठ बघतात
आणि आईला राग येतो.
"मीट हाय. पन खारीचां नाय. बाटलीचां."

बाटलीचंच होतं.
मी मीटरवरचा आकडा दाखवला,
त्यांना चष्मा सापडेना. खिसे चाचपत म्हणाले,
"आजून बारा दिस उन पायजे याला,"
आणि ट्यूबलाइटखाली उभे राहून
खिडकी कुठे आहे ते शोधू लागले.