हॅव

रावपुऱ्यात झेरॉक्सच्या दुकानावर,
जिथं पंखा तीनवरच फिरतो, नाहीतर फिरतच नाही,
मी हॅव शिकवते.
सोम, बुध, शुक्र. साडेसहा ते आठ.
व्हिसावाली पोरं पुढच्या बाकांवर,
मागं एकट्या तरलिकाबेन,
मंगळबाजारातलं फॉल-अस्तराचं दुकान
दिराच्या हवाली करून आलेल्या.

मराठीला हॅव नाही. गुजरातीलाही नाही.
आपण काही बाळगत नाही म्हणून नव्हे,
बाळगण्याच्या तऱ्हा फार.
छत्री माझ्याकडे असते,
बहीण मला असते,
ताप अंगात,
धीर असलाच तर माझ्यात,
आणि घर माझं असतं,
म्हणजे बँकेचं.
इंग्रजीत सगळं एकाच पिशवीत,
छत्री, बहीण, ताप, धीर, घर.
ती पिशवी फाटत कशी नाही
हे बावीस वर्षं शिकवूनही मला कळलेलं नाही.

तरलिकाबेन दुकानाच्या लाल चोपड्यात लिहितात.
पानाच्या मधोमध रेघ:
हॅव जमेला, हॅड उधारीला.
असं नसतं, मी म्हटलं.
केम नसतं, बेन?

मग उभ्या राहून त्यांनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं:
आय हॅव वन सन.
व्हेरी गुड.
त्या बसल्या नाहीत.
मारे दीकरो छे, म्हणाल्या,
पण मारी पासे नथी.
आ इंग्लिशमां केम कहेवाय?

मला आहे, पण माझ्याकडे नाही.
चौथीतल्या पोराला कळेल असं वाक्य.
मी फळ्यावर लिहिलं:
आय हॅव अ सन, बट आय डोन्ट हॅव हिम.
पहिल्या बाकावरचा धैवत फिसकन हसला.
पुसलं.
ही इज नॉट विथ मी, असं लिहिलं.
व्याकरण चोख.
त्यांनी ते उतरवून घेतलं,
रेघेच्या कुठल्या बाजूला, मला दिसलं नाही.

शुक्रवारी गॉन आणि बीन.
हॅज गॉन, म्हणजे गेलाय, तिकडेच आहे.
हॅज बीन, म्हणजे जाऊन आलाय.
परीक्षेत एका मार्काचा फरक.
तरलिकाबेनचं बोट वर:
निघताना तो ‘जाऊं छुं’ नाही बोलला, बेन,
‘आवुं छुं’ बोलला.
त्याला कयुं लावायचं?

घड्याळात आठ वाजून गेले होते.
मी म्हटलं, हॅव टू सोमवारी करू,
ते सोपं आहे,
नुसतं ‘लागतं’.
जावं लागतं. राहावं लागतं.
पोरं जिना उतरली दडदडत.
चोपडा कापडात गुंडाळत त्या मागून,
एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

खाली सेव-उसळवाला विचारतो,
छूटा छे, बेन?
आहेत की, मी म्हणते,
आणि दिव्याखाली पर्स धरून
कितीतरी वेळ चाचपत राहते.