मेल्लगा

मल्लिनाथ बिराजदारनं किल्ली दिली
आणि फियाटच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाला,
हिचं माहेर इटलीचं, मास्तर.
चाळीसच्या वर नेऊ नका, रुसते.

मला चाळीस पुष्कळ होते.
सत्तावीस वर्षं मी एकाच टेबलाशी उभा होतो,
अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यात,
खोक्यावर पत्र्याची पट्टी धरून
काळ्या शाईनं एकच गाव लिहीत: जिनोआ.
टॉवेल गेले, बोटीत बसले,
कुठल्या कुठल्या ओल्या पाठींना लागले.
मी मात्र वडकबाळचा पूल
काही कामाशिवाय
एकदाही ओलांडला नव्हता.

नागमणी पुढे बसली. मांडीवर डबा,
कडक भाकरी, शेंगाचटणी,
दह्याच्या किटलीला रबर.
तिच्या बाजूची काच खाली येईना
तर मी पान्ह्यानं आणली.
ती एवढंच म्हणाली, मेल्लगा.
आमच्या घरात भांडण मराठीत होतं,
काळजी तेलुगूत.

विजापूर रोडला सगळे पुढे गेले.
ट्रक गेले, एसटी गेली,
उसाचे दोन ट्रेलर ओढत गाणी वाजवणारा ट्रॅक्टरही गेला.
सायकलवरचा एक पोरगा बराच वेळ
खिडकीच्या बरोबरीनं चालला,
मग विचारलंच त्यानं, काका, ढकलू का?
नागमणी इतकी हसली
की तिला पदर तोंडात धरावा लागला.
असं हसताना मी तिला शेवटचं कधी बघितलं,
ते मंद्रूप येईपर्यंत आठवत होतो.

मंद्रूपच्या पुढे गाडीनं वाफ सोडली.
बाभळीखाली थांबलो. दोन्हीकडे ज्वारी,
कणसं दुधात आलेली,
वारा आला की सगळं रान एका अंगानं झुकायचं.
वस्तीवरनं गुरप्पा नावाचा माणूस
कळशी घेऊन आला.
आधी गाडीला पाणी, मग आम्हाला,
मग कुठले, कोण, हे कानडीत.
उत्तर द्यायच्या आत हातावर हुरडा,
इतका गरम, की या हातातून त्या हातात
नाचवत खाल्ला.
तास गेला असेल. दीडही.
घड्याळ मी मुद्दाम डब्याच्या पिशवीत टाकलं होतं.

हत्तरसंग कुडलला सीना भीमेत शिरते,
काही आवाज न करता,
उशिरा आलेला माणूस मागच्या रांगेत बसतो तशी.
देवळात तुळईवर अक्षरं कोरलेली.
हजार वर्षांची, पुजाऱ्याची मुलगी म्हणाली,
आणि आपली मान वर करून थांबली,
आम्हीही करावी म्हणून.
मी वाचली नाहीत. मला वाचता येईनात.
मी फक्त कामगाराच्या डोळ्यानं बघितलं:
उंची सारखी, मधली जागा सारखी,
एक अक्षर जरा घसरलंय, मग सावरलंय.
त्या दिवशी त्याला कुणी हाक मारली असेल.
माझं जिनोआ
उघडताक्षणी फाटत असेल, भंगारात जात असेल.
याचं जागचं हललेलं नाही.
मला हेवा वाटला का? वाटला थोडा.

खाली पायऱ्यांवर नागमणीनं
घोट्यापर्यंत पाय पाण्यात सोडले.
भाकरी मोडली, चटणी सांडली,
चार बगळे आले, नाराज होऊन गेले.
पाय पुसायला तिनं पिशवीतून टॉवेल काढला.
कडेचा एक धागा ओढला गेलेला,
तेवढ्यावरनं सेकंड ठरलेला,
जिनोआला न गेलेला.

तिकडचा किनारा असाच असतो का हो?
असं तिनं पाण्याकडे बघत विचारलं.

मला काय माहीत.
मला फक्त स्पेलिंग येतं.

परतताना एकच दिवा लागला, डावा.
ती झोपली, डोकं काचेला टेकून,
काच थरथरते म्हणून मध्येच सरळ होत.
रस्ता रिकामा होता, गाडीही रुसलेली नव्हती.
काटा पस्तीसवर गेला तसा मी पाय उचलला,
तीसवर आणला.