किटली सगळ्यात शेवटी

शुक्रवारी दुपारी निम्म्या स्वान्सीचं सामान रस्त्यावर असतं.
घर बदलायला लोकांना शुक्रवारच का लागतो
हे बावीस वर्षं ट्रक चालवून मला कळलेलं नाही.
घर पाहावं बांधून, म्हणतात.
विकत घेणाऱ्यांसाठी कोणी काही म्हणून ठेवलेलं नाही.

टेकडीवरच्या लाल दाराच्या घरासमोर मी ट्रक लावला.
मागे ग्वेनिथबाईंचा संसार, दोऱ्यांनी आवळलेला:
पलंगाचे सुटे पाय, शिवणयंत्र,
आभाळाकडे तोंड करून आडवा पडलेला आरसा.
भाड्याच्या जुन्या घराची किल्ली सकाळीच परत केलेली.
नव्या घराची एजंटच्या खणात,
पैसे पोचले की मिळणार.

पैसे मंगळवारीच गेले होते.
पोचलेही होते.
फक्त दुसरीकडे.

वकीलबाईंची ईमेल, तीच सही, तोच निळा शिक्का,
'आमचं खातं बदललं आहे' एवढीच नवी ओळ,
आणि पत्त्यात एक अक्षर
शेजारच्याचे कपडे घालून बसलेलं.
चष्मा पुसून पाहिला, तरी मला दिसेना.
ओवाइननं बोट ठेवलं तेव्हा दिसलं.
मग दुसरं काही दिसेना.

एक लाख अडतीस हजार पौंड.
टेवडरची भट्टीपुढची एकतीस वर्षं त्यात होती.
तो कठड्यावर बसून म्हणाला, बटण मी दाबलं.
बाई म्हणाल्या, आकडे मी वाचून दाखवले.
पुन्हा तो, पुन्हा त्या.
दोष स्वतःकडे ओढायला दोघं असे भांडत होते
जसं हॉटेलात लोक बिलासाठी भांडतात.

बाई त्या ईमेललाच उत्तर लिहायला लागल्या.
मी म्हटलं, नको. चोराला विचारून चोर सापडत नाही.
आधी बँक. कार्डाच्या पाठीवरचा नंबर लावा,
ईमेलमधला नाही.
फसवणूक म्हणा. तोच शब्द.
गोंधळ झालाय म्हटलंत तर ते तुम्हाला संगीत ऐकवत बसतील.
म्हणावं, पैसे जिथे पडले त्या बँकेला आत्ता कळवा,
मी लाईनवर थांबते.
मग वकीलबाई, त्यांच्या ऑफिसात, जुन्या पत्रावरच्या नंबरवर.
मग पोलीस. तक्रारीचा नंबर लिहून घ्या.
कागद नाही? हे खोकं घ्या.
कानामागचं पेन काढून दिलं मी,
आणि 'चादरी, उशा' याच्या खाली
त्यांनी थरथरत अकरा आकडे लिहिले.

मला हे कसं माहीत, ते त्यांनी विचारलं नाही.
तीन वर्षांपूर्वी नीथचा एक मुलगा
लाज वाटून सोमवारपर्यंत गप्प राहिला होता.
पैसा लाजत नाही.
तोवर सात खाती फिरून तो कुठल्या कुठे गेला होता.
त्या मुलाचं सामान मी पुन्हा त्याच्या आईकडे उतरवलं.
जिना अरुंद होता. कपाट वर गेलंच नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी फोन आला.
एक्केचाळीस हजार अडवलेत.
बाकीचा शोध चालू आहे.
'बाकीचा' हा शब्द बाईंनी दोनदा म्हणून पाहिला,
जीभ भाजल्यासारखा.
एजंटचं ऑफिस पाचला बंद झालं. खणाला कुलूप.

किटलीचं खोकं मी नेहमी सगळ्यात शेवटी चढवतो,
म्हणजे नव्या घरी ते सगळ्यात आधी उतरतं.
उतरवलं.
शेजारच्या दारातली बाई मघापासून बघत होती,
तिनं काही न विचारता
टपालाच्या फटीतून वायर बाहेर सरकवली.
फुटपाथवर, कठड्याशी, पाणी उकळलं.
टेवडरनं कप दोन्ही हातांत धरला
आणि लाल दाराकडे पाठ करून प्याला.

थांबण्याचे तासाला चाळीस पौंड,
आमच्या पावतीवरच छापलंय.
बाईंनी पर्स उघडली, किती झाले म्हणाल्या.
मी म्हटलं, पावती करायला पेन नाही.
ओवाइन माझ्या कानाकडे बघत राहिला.
मी म्हटलं, दोऱ्या आवळ. पाऊस येईलसं दिसतंय.