परवाना

फॉर्मवर शेवटी चार चौकटी.
कुणीही वाचावं? बदलावं? विकावं?
नाव मात्र घ्यावं, लेखकाचं.

वडणग्याच्या गुऱ्हाळावर
बाळगोंडा गुळव्यानं काहिलीत भेंडीचं पाणी सोडलं,
मळी वर आली, ती झाऱ्यानं काढत म्हणाला,
"लिवा की. माझ्या बापाचं हाय व्हय हे?"
आणि आल्यागेल्याला देतात तसा
कागदावर गरम गूळ दिला.

लेख खुला ठेवायचे दोन लाख मागतात.
बंद ठेवला तर फुकट;
मग त्याच्या नातवाला
आज्याची भेंडी वाचायला
मोजावे लागतील अडतीस डॉलर.

विद्यापीठातले दिवे गेले तेव्हा
पहिल्या चौकटीत खूण केली.
पैशाचं बघू.

लेखकाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं.
खाली अजून एक ओळ मोकळी होती.
बाळगोंडा, एवढंच लिहून थांबले.
आडनाव विचारायचंच राहिलं.