दुसरा हात

परतवाड्याच्या पुढं, घाट चढायच्या अलीकडं
मिशनचा दवाखाना, बैठा, कौलारू.
तिथं पट्ट्या बदलायच्या खोलीत
एक म्हातारा गुडघ्यांवर बसलाय
किती वर्षांपासून, रजिस्टरात नोंद नाही.
हॉलंडच्या कुणी सिस्टरनं ट्रंकेत घालून आणलेला.
मूळ चित्र म्हणे तिकडं, थंडीच्या गावात, ओकाच्या फळीवर.
हा त्याचा छापील भाऊ.

उघडी छाती, फासळ्या मोजून घ्याव्यात अशा.
लाल झगा झाडाच्या खुंटाला टांगलेला.
शेजारी सिंह, कुत्र्यासारखा मुडपून झोपलेला;
पेशंट त्याला वाघच म्हणतात.
आणि पार मागं डोंगर, निळे.

निळा मी लगेच ओळखला.
अचलपूरच्या पुलावरून सकाळी
गाविलगड असाच दिसतो,
बादलीत नीळ नुकती सुटावी तसा.

उजव्या हातात त्याच्या दगड होता.
उधई लागली ती नेमकी तिथं.
मनगटापुढं नुसता भुसा.
शांतवन कंपाउंडर म्हणाले,
"नत्थू, एवढा हात भरून दे बाप्पा.
दोनशे आत्ता, दोनशे मंग."

हात मी जन्मात एकच काढलाय,
इलेक्शनचा, भिंतीवर,
उघडा पंजा, पाच बोटं सरळ, स्टेन्सिल लावून.
कपाशीचं बोंड येतं मला, दुभती गाय येते,
'पुढे शाळा आहे' तर डोळे मिटून.
मूठ कधी कुणी सांगितली नाही.

मे महिना. शर्ट काढून खुंटीला लावला.
फ्रेम खाली फरशीवर, भिंतीला टेकवलेली,
म्हणून मीही गुडघ्यांवर.
अंगणातला एक काळा दगड उचलला
आणि धरला छातीपाशी, डाव्या हातात.
उजव्यात ब्रश होता.

दारात सुगंती कासदेकर येऊन बसली.
दोन्ही हातांची मिळून सव्वातीन बोटं,
हा हिशोब तीच सांगते, कुणी विचारायच्या आधी.
"हा मारते का कोणाले?"
"सोताच्याच छातीवर मारते."
"काहून?"
"माफीसाठी."
ती सिंहाकडं पाहत राहिली.
"मंग वाघाले ठाऊक असन."

दगड धरून धरून दंड भरून आला
आणि दुकानाचा बोर्ड आठवला.
नत्थू-उकंडा आर्ट.
आई गेली त्याच्या तेराव्या दिवशी
मी भावाला वेगळं काढलं,
त्याच्या नावावर पांढऱ्याचा एक हात मारला.
सुकल्यावर दुसरा हात.
तरी उन्हं कलली की
'उ'चं पोट पांढऱ्याखालून फुगून येतं.
अक्षर त्याचं होतं, माझ्यापेक्षा घोटीव.
ही मूठ त्यानं
चहा निवायच्या आत काढली असती.

संध्याकाळी कंपाउंडरनं चष्मा पुसून पाहिलं.
"झकास," म्हणाले, आणि उरलेले दोनशे दिले,
एक नोट फाटकी.
सुगंती मात्र उठली नाही.
तिनं आपला एक हात चित्रासमोर धरला,
मग तो खाली घेऊन दुसरा.
बराच वेळ असंच चाललं होतं.
"आंगठा पाय," ती म्हणाली.

पाहिला.
उजव्या मनगटावर डावी मूठ.
माझी.

मी टर्पेंटाईनचा बोळा घेतला तशी ती ओरडली,
"हात नोको लावू! वला हाय."

मग सिस्टर आली, तिनं ट्यूब लावली,
पट्ट्यांचा ट्रे वाजला.
मी शर्ट घातला, डबे बांधले, सायकल काढली.
दगड तेवढा हातात राहिला.
अंगणात कुठून उचलला होता
ती जागा सापडेना.