वेटिंग चार्ज

पावणेसहाला एरंडवण्यात गाडी लावली.
साहेब, वहिनी, दोन पोरं, डब्यांची पिशवी,
आणि पुढे, माझ्या शेजारी, दामलेबाई.
वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे नवे.
"मी पुढेच बसणार," म्हणाल्या,
"रस्ता दिसला नाही की माझं पोट ढवळतं."

मी रोहिदास घुले, मांजरीचा.
अकरा वर्षं लोकांना देवाला नेतो, गडाला नेतो
आणि खाली थांबतो.
देऊळ मी पार्किंगवरून ओळखतो.
भुलेश्वरला सावली कुठं, जेजुरीत चाकाला दगड कुठला,
गड केवढा, ते माणसं उतरताना कळतं.
पाय थरथरले की मोठा,
भूक लागली म्हणाले की छोटा.

यवतवरून उजवीकडे वळलो. माळावर ऊन अजून ओलसर.
भुलेश्वरच्या अंधारातून दामलेबाई सगळ्यांच्या आधी बाहेर आल्या.
"नाकं गेलीत हो सगळ्यांची.
तरी एक बाई अजून रुसलेली आहे.
रुसवा कमरेत असतो, तो फोडायचा राहिला."
मी हसलो.
ती बाई मी कधी पाहिलेली नाही,
हे बोललो नाही.

वाघापूर, मग सासवड. संगमेश्वराच्या पायऱ्यांवर
वहिनींनी पोळीच्या गुंडाळ्या वाटल्या,
एक माझी, कागदात, वेगळी.
मी ती गाडीत बसून खाल्ली.
गूळ जरा जास्त होता. चांगली होती.

चारला सोनोरी. रस्ता संपला तिथं
साहेब पोरांना घेऊन मल्हारगड चढू लागले.
बाई दार उघडून बसल्या, पाय बाहेर.
"वर काय आहे?"
"बुरूज. विहीर. खंडोबा, महादेव."
"विहिरीला पाणी असतं?"
"असतं की."
"कधी पाहिलंत?"
मी आरसा पुसला. तो पुसलेलाच होता.

"किल्ली ठेवा आणि जा. गाडी मी राखते.
चोर आला तर त्याला माझे एक्स-रे दाखवीन."

चपलेतच चढलो.
सारखा क्लच दाबणारा डावा पाय पुढं,
उजवा कुरकुरत मागून.
विहिरीत डोकावलो. महादेवापुढं दोन रुपये ठेवले,
काय मागायचं ते ऐनवेळी आठवेना.
मग तटावर गेलो.
तिकडं जेजुरी, इकडं पुरंदर, त्याच्या खांद्याला टेकलेला वज्रगड,
आणि मधे माझे रोजचेच रस्ते,
कुणी धुऊन वाळत घातल्यासारखे.
आणि पार खाली
काडेपेटीएवढी पांढरी गाडी,
चौदा हप्ते राहिलेली.
तिच्यात बसून कुणीतरी माझी वाट बघत होतं.
असं आधी कधी? आठवून पाहिलं.
आठवतच राहिलो.

तेवढ्यात हॉर्न. दोन छोटे, एक लांब.
काय झालं म्हणून धावत उतरलो,
अर्ध्यात चपलेचा अंगठा तुटला.
बाई शांत, स्टिअरिंगमागं.
"काही नाही. वाजवून पाहिला.
ह्यांनी चाळीस वर्षं हात लावू दिला नाही."
मग म्हणाल्या, "पाणी?"
"बोटभर. हिरवं."
"बरं झालं. आता विचारलं कुणी, तर खरं सांगाल."

घाटाच्या तोंडाशी अंजिरं घेतली.
पोरं झोपली. हडपसरला तासभर काही हललं नाही.
बाईंनी हॉर्नकडं एकदा बघितलं, मी मान हलवली,
त्यांनी हात पदरात घेतला.

एरंडवण्यात हिशेब. एकशे चौतीस किलोमीटर,
घाट, टोल, वेटिंग.
साहेब फोन काढणार, तोच बाई म्हणाल्या,
"सोनोरीचा सव्वा तास कापा. तिथं मी थांबले होते."
साहेबांना काही कळेना.
मी कापला.

घरी दारात चपला काढल्या.
बायकोनं एक उचलून बघितली.
"ही कुठं तुटली?"
म्हटलं, वर.