अठ्ठावीस सेकंद

समन्स अजून फॅक्सनंच येतं, लिंकनच्या आमच्या कचेरीत.
मशीन खाकरतं, मग कागद ओकतं.
सोळा वर्षं मी हेच काढून देते:
कोणी कोणाला, कधी, किती वेळ.
बोलणं काय झालं ते आमच्याकडे नसतंच.
साहेब म्हणतात, ईडेला, नुसते आकडे,
आकड्यांना कुठे तोंड असतं?

आजचा नंबर ड्वेन पेन्रोझच्या नावावर,
फॅमिली प्लॅनमधली दुसरी लाइन.
आठ महिन्यांचे कॉल हवेत, आणि
ग्राहकाला वर्षभर कळता कामा नये.

यादी काढली.
रात्री दोन चौदा: ओमाहातलं हॉस्पिस. सलग नऊ रात्री.
दहाव्या रात्री नाही.
मग फुलवाला, चर्च, बँक.
म्हणे तोंड नसतं.
दिवसभर सगळे कॉल एकाच टॉवरवरून,
विधानभवनाशेजारच्या.

तेव्हा उमगलं, ही ड्वेनची बायको.
सिनेटर जोव्हिता पेन्रोझ,
कत्तलखान्यांच्या चौकशी समितीवरची.

फॉर्मवर चौथा प्रश्न असतो:
खातेदार लोकप्रतिनिधी आहे काय?
असल्यास आधी विधिमंडळाला कळवा, पुढचं कोर्ट ठरवेल.
कायद्यानं घातलेलं कुंपण एवढंच, एका चौकोनाएवढं.
खातेदार ड्वेन. ड्वेन ट्रॅक्टर दुरुस्त करतो.
'नाही'वर खूण केली तर ते खोटंही नाही.

पेन उचललं, आणि मार्चच्या पानावर
एक नंबर दिसला, मला पाठ असलेला.
रॉझलिन. माझी धाकटी.
ग्रँड आयलंडच्या मांस कारखान्यात रात्रपाळीला.
चौदा वर्षांच्या पोराचा हात पट्ट्यात गेला
त्याच्या तिसऱ्या दिवशी,
अकरा वाजून सहा मिनिटांनी. अठ्ठावीस सेकंद.
मग तिकडून उलटा फोन. बावन्न मिनिटं.

मला म्हणाली होती, मी कुणाला काही बोलले नाही गं.
ईस्टरला, बटाटे सोलताना,
सालांकडे बघत.

मी या बाईला मत दिलं नव्हतं. पुढेही देणार नाही.
पण हे दार तिचं एकटीचं नाही,
रात्री येऊन ते हळूच वाजवणाऱ्यांचंही आहे.

'हो'वर खूण केली. दोनदा गिरवली.
साहेब म्हणाले, खातेदार तर ड्वेन ना?
म्हटलं, फोन कानाला कोण लावतं ते विचारलंय.
तसं विचारलेलं नव्हतं.

आता कागद न्यायाधीशांपुढे आहेत.
ते हो म्हणाले तर यादी मलाच पाठवावी लागेल,
मार्चच्या पानासकट.
रॉझलिनला काही सांगता येत नाही, मीही सही केलीय.
रविवारी ती फोन करते.
मी थंडीबद्दल विचारते,
आणि घड्याळाकडे बघत राहते.